जुना मदरबोर्ड : आधी तपासणी, मग वीज

मुंबई-गोवा महामार्गावरील इंदापूरहून आत वळले की डोंगराच्या कुशीत तळा हे तालुक्याचे गाव लागते. या परिसरातील पुष्कळ घरांतील माणसे मुंबईत किंवा आखाती देशांत नोकरीस गेली. त्यांच्या कमाईतून टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले आणि पुढे मुलांच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटरही आले. २००१ साली एमकेसीएल ही संस्था स्थापन झाल्यावर एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले, आणि त्या वर्गांतून पेंटियम जातीचे कॉम्प्युटर ओळीने मांडले गेले. ही सारी यंत्रे आज कोठे आहेत? काही माळ्यावर आहेत, काही पडवीत पोत्याखाली आहेत आणि बाकीची भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने गेली.

या जुन्या यंत्रांचा आज एक वेगळाच गिऱ्हाईक निर्माण झाला आहे. शाळेत किंवा कॉम्प्युटर क्लासमध्ये 'डेव्ह', 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 'डूम', 'रोड रॅश' हे खेळ खेळलेली मुले आज चाळिशीत आहेत. तेच खेळ त्याच जातीच्या यंत्रावर, त्याच आवाजात खेळावेत, अशी हौस त्यांना असते. या छंदाला रेट्रो गेमिंग म्हणतात. अशा हौशी माणसाला चालू स्थितीतला ४८६ किंवा पेंटियम मदरबोर्ड हवा असतो, आणि असे बोर्ड आता नव्याने कोणी बनवीत नाही. जे शिल्लक आहेत तेच दुरुस्त करून वापरायचे आहेत.

आमच्या तरुणांपैकी ज्यांनी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स घेतले आहे किंवा जे मोबाईल, टीव्ही दुरुस्त करतात, त्यांच्यासाठी हे एक जोडकाम होऊ शकते. परंतु या कामात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनावर ठसवली पाहिजे. माळ्यावरून काढलेला बोर्ड उत्सुकतेपोटी तसाच विजेला जोडला, तर पुष्कळदा जो वाचला असता तोच बोर्ड कायमचा मरतो. म्हणून या लेखात आम्ही दुरुस्तीचा आणि तपासणीचा क्रम सांगणार आहोत. या कामात हातातील कौशल्याइतकाच हा क्रम मोलाचा आहे.

कोणता बोर्ड कोणत्या काळाचा?

प्रथम हातात काय आले आहे ते ओळखावे. इंटेलचा ३८६ प्रोसेसर १९८५ साली, ४८६ हा १९८९ साली आणि पेंटियम १९९३ साली बाजारात आला. ३८६ आणि ४८६ च्या बोर्डांवर लांब काळे आयएसए स्लॉट असतात. पेंटियमच्या बोर्डांवर त्यांच्या जोडीला आखूड पांढरे पीसीआय स्लॉट दिसतात. २००० सालाच्या आसपास आयएसए स्लॉट बोर्डांवरून नाहीसे होऊ लागले.

हौशी खेळाडूच्या दृष्टीने आयएसए स्लॉट महत्त्वाचा, कारण डॉसच्या काळातील साउंड ब्लास्टर जातीची साउंड कार्डे त्यातच बसतात. १९९० ते १९९६ च्या दरम्यानचे बरेच खेळ याच कार्डांना धरून लिहिलेले आहेत. म्हणून ज्या बोर्डावर आयएसए आणि पीसीआय असे दोन्ही स्लॉट आहेत तो बहुतेकांच्या उपयोगी पडतो. फार जुने खेळ मात्र प्रोसेसरच्या वेगावर स्वतःचा वेग ठरवतात. असा खेळ पेंटियमवर लावला तर पडद्यावरचा माणूस वाऱ्यासारखा पळतो आणि खेळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अशा खेळांसाठी ३८६ किंवा टर्बो बटणाचा ४८६ लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. केवळ एखादा खेळ पुन्हा पाहायचा असेल, तर जुना बोर्ड लागतच नाही. डॉसबॉक्स नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आजच्या कॉम्प्युटरवर तो खेळ चालवून दाखवतो. अस्सल यंत्र हवे असणारा गिऱ्हाईक थोडा आहे, पण तो जाणकार आहे. त्याला 'चालतो का?' एवढ्या उत्तराने समाधान होत नाही. 'काय काय तपासले?' हे तो विचारतो.

कोकणची हवा आणि बोर्डाचे शत्रू

रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने हवा ओली असते आणि खाडीकाठच्या गावांत तिच्यात खारेपणाही असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा तर कित्येक घरांची कौले आणि पत्रे उडून घरातले सामान भिजले. अशा हवेत पडून राहिलेल्या बोर्डावरील पितळी पिना काळवंडतात, सॉकेटमधील स्पर्श कच्चे होतात आणि धूळ ओलावा धरून ठेवते. पालीची विष्ठा आणि मुंग्यांची माती हे आपल्याकडील आणखी दोन शत्रू. दोन बारीक पिनांच्या मध्ये ती बसली की वीज नको तेथून वाट काढते.

पण सर्वांत मोठा शत्रू बोर्डाच्या अंगावरच बसलेला असतो. ३८६ आणि ४८६ च्या पुष्कळ बोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियम सेल सोल्डर केलेला असतो. निळ्या किंवा हिरव्या वेष्टणाची ही छोटी नळकांडी सहज ओळखू येते. काही वर्षांनी तो सेल पाझरतो. त्यातील द्रव्य अल्कली असते. ते तांब्याचे ट्रॅक खाते, भोकांतून बोर्डाच्या पोटात शिरते आणि जवळच्या सॉकेटचे पाय कुरतडते. कीबोर्ड कंट्रोलरची चिप बहुधा याच सेलच्या शेजारी असते. त्यामुळे 'कॉम्प्युटर सुरू होतो पण कीबोर्ड चालत नाही' ही तक्रार आली की पहिला संशय या सेलवरच घ्यावा.

वीज देण्यापूर्वीची कामे

पहिले काम म्हणजे बोर्डाचे फोटो काढणे. दोन्ही बाजूंचे, उजेडात आणि जवळून फोटो काढावेत. कोणता जंपर कोठे होता, कोणत्या कपॅसिटरची उणे बाजू कोणीकडे होती, हे पुढे या फोटोंवरूनच कळते. त्यानंतर प्रोसेसर, मेमरी आणि सर्व कार्डे काढून बाजूला ठेवावीत.

दुसरे काम सेल काढण्याचे. तो अजून पाझरला नसेल तरी काढावाच. आज ना उद्या तो पाझरणार हे ठरलेले आहे. पाझरलेला असल्यास हातमोजे घालून काम करावे. हिरवा-पांढरा थर जुन्या टूथब्रशने कोरडाच झाडून घ्यावा. मग स्वयंपाकघरातील पांढरे व्हिनेगर थोडेसे लावावे. अल्कलीवर सौम्य आम्ल पडले की ते निष्प्रभ होते. व्हिनेगर तसेच राहू देऊ नये, कारण राहिले तर तेही तांबे खाते. डिस्टिल्ड वॉटरने ती जागा दोन-तीनदा धुवावी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि बोर्ड सावलीत पंख्याखाली किमान एक दिवस वाळवावा. पावसाळ्यात दोन दिवस द्यावेत. विहिरीचे किंवा नळाचे पाणी शेवटच्या धुण्यास वापरू नये, त्यातील क्षार बोर्डावरच राहतात. काढलेला सेल चुलीत किंवा परसात टाकू नये. त्यात कॅडमियम हा विषारी धातू असतो.

तिसरे काम ट्रॅक तपासण्याचे. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, म्हणजे जेथे जोडणी अखंड असते तेथे मीटर बीप देतो त्या जागी ठेवून, खराब झालेल्या भागातील प्रत्येक ट्रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहावा. भिंगातून अखंड दिसणारा ट्रॅकही हिरव्या लेपाखाली तुटलेला असू शकतो. तुटलेल्या ट्रॅकच्या जागी बारीक इन्सुलेटेड तार सोल्डर करावी. हे काम सावकाशीचे आहे. एका बैठकीत उरकण्याचा आग्रह धरू नये.

चौथे काम शॉर्ट पाहण्याचे. प्रोसेसर काढलेला असताना पॉवर कनेक्टरवरील ५ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यामधील रोध मोजावा. तसाच १२ व्होल्ट, उणे १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्टच्या पिनांचा मोजावा. वाचन शून्याजवळ आले तर तेथेच थांबावे. जुन्या बोर्डांवर पिवळ्या किंवा नारिंगी थेंबासारखे दिसणारे टँटलम कपॅसिटर असतात आणि ते आतून शॉर्ट होतात. तशा अवस्थेत वीज दिली तर कपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो. शॉर्ट झालेला कपॅसिटर शोधून बदलला की पुष्कळदा बोर्डात दुसरा दोष निघतच नाही.

एसएमपीएस : येथे जिवाशी गाठ आहे

मदरबोर्डावरील विजेचा धोका हाताला नाही. धोका एसएमपीएसमध्ये आहे. त्याच्या मोठ्या कपॅसिटरांवर ३०० व्होल्टहून अधिक डीसी दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतो. ज्याने हे काम कोणाच्या देखरेखीखाली शिकलेले नाही त्याने एसएमपीएसचा डबा उघडू नये. जुन्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये दर्शनी बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वायर आलेली असते, हेही ध्यानात ठेवावे. तिचे इन्सुलेशन उंदराने कुरतडलेले असेल तर आधी ते नीट करावे.

माळ्यावरून काढलेला एसएमपीएस प्रथम मदरबोर्डाला जोडूच नये. आपल्याकडील रेडिओ-टीव्ही मेकॅनिक वापरतात तो सिरीज बल्बचा बोर्ड येथेही कामास येतो. १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. त्यानंतर बल्ब काढून, एखादी जुनी हार्ड डिस्क भार म्हणून लावून, व्होल्टेज मोजावे. ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान वाचन आले पाहिजे. भार न लावता मोजलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

एटी एसएमपीएसचे दोन सहा-सहा तारांचे कनेक्टर असतात. ते शेजारी-शेजारी बसवताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. अदलाबदल झाली तर बोर्डाचे नुकसान होते. नवा एटीएक्स एसएमपीएस अडॅप्टरने जुन्या बोर्डास लावता येतो, पण नव्या एसएमपीएसमध्ये उणे ५ व्होल्टची तार बहुधा नसते. काही जुन्या साउंड कार्डांना ती लागते. कार्ड गप्प राहिले तर कार्डाला दोष देण्यापूर्वी हे पाहावे.

पहिली सुरुवात

बोर्ड लाकडी टेबलावर किंवा कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा. प्रोसेसर बसवण्यापूर्वी जंपर तपासणे अगत्याचे आहे. साधा ४८६ प्रोसेसर ५ व्होल्टवर चालतो, ४८६ डीएक्स४ ला ३.३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला २.८ व्होल्ट लागतात. जंपर चुकीचा राहिला आणि जास्त दाब गेला, तर प्रोसेसर क्षणात जळू शकतो. जंपरचा तक्ता पुष्कळदा बोर्डावरच छापलेला असतो. नसेल तर बोर्डाच्या क्रमांकावरून त्याचे मॅन्युअल शोधावे. अंदाजाने जंपर लावू नये.

मेमरी बसवतानाही हिशेब आहे. ३८६ डीएक्सच्या बोर्डावर ३० पिनांच्या पट्ट्या चार-चारच्या गटाने लागतात, कारण प्रत्येक पट्टी ८ बिटांची आणि प्रोसेसरची वाट ३२ बिटांची. पेंटियमची वाट ६४ बिटांची, म्हणून ७२ पिनांच्या पट्ट्या त्यावर जोडीने लावाव्या लागतात. एकच पट्टी लावून बोर्ड मृत ठरवणारे पुष्कळ आहेत. पट्टीच्या पिना आधी साध्या खोडरबराने हलकेच घासून अल्कोहोलने पुसून घ्याव्यात.

आता प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले कार्ड आणि छोटा स्पीकर एवढेच लावून वीज द्यावी. हार्ड डिस्क, साउंड कार्ड काही नको. जितके कमी जोडाल तितका दोष लवकर सापडेल. बायॉसचा प्रोग्राम प्रथम स्वतःची तपासणी करतो आणि दोष आढळला तर स्पीकरमधून ठरावीक आवाज काढतो. अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड आवाज आले तर दोष डिस्प्लेचा असतो. एएमआय बायॉसमध्ये तीन आवाज हे मेमरीच्या पहिल्या ६४ केबीचे आणि आठ आवाज हे डिस्प्लेच्या मेमरीचे लक्षण आहे.

आवाजही नाही आणि चित्रही नाही, अशा वेळी पोस्ट कार्ड नावाचे छोटे कार्ड उपयोगी पडते. स्लॉटमध्ये बसवले की बायॉस तपासणीच्या कोणत्या पायरीवर अडकला, त्याचा दोन अंकी किंवा दोन अक्षरी संकेत ते दाखवते. जुन्या बोर्डासाठी आयएसए स्लॉटचे कार्ड घ्यावे. संकेत मुळीच हलला नाही तर प्रोसेसरने कामच सुरू केलेले नाही असे समजावे. मग व्होल्टेज, जंपर, प्रोसेसरचे सॉकेट आणि बायॉसची चिप या क्रमाने पाहावे. बायॉसची चिप सॉकेटमध्ये असेल तर ती काढून, पिना साफ करून पुन्हा बसवल्यानेही कित्येक बोर्ड उठतात. चिपवरील स्टिकर मात्र काढू नये. त्याखाली काचेची खिडकी असू शकते आणि तिच्यातून जाणारे अतिनील किरण आतील प्रोग्राम पुसू शकतात.

फुगलेले कपॅसिटर

तालुक्याच्या कॉम्प्युटर वर्गांतून निघालेल्या पेंटियम-३ आणि पेंटियम-४ बोर्डांचा आजार वेगळा आहे. सुमारे १९९९ ते २००७ या काळातील असंख्य बोर्डांवर निकृष्ट द्रव्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागले होते. ते प्रोसेसरजवळ ओळीने उभे असतात. त्यांचे डोके फुगलेले किंवा तपकिरी द्रव्याने माखलेले दिसले की दोष उघड आहे. असा बोर्ड मधेच बंद पडतो, खेळ सुरू असताना अडकतो किंवा सुरूच होत नाही.

ते बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा अधिक, १०५ अंश तापमानाचा आणि लो-ईएसआर जातीचा कपॅसिटर घ्यावा. साधा कपॅसिटर लावला तर बोर्ड सुरू होईल, पण टिकणार नाही. बोर्डावरील उणे बाजूची खूण सर्व उत्पादकांची एकसारखी नसते, काहींनी उलट बाजू रंगवलेली आहे. येथे आधी काढलेला फोटो कामास येतो. ग्राउंडचा पाय तांब्याच्या रुंद थराला जोडलेला असल्याने लवकर तापत नाही. ओढाताण केली तर भोकातील तांब्याची नळीच उपटून येते. आधी थोडे नवे ६०/४० सोल्डर आणि फ्लक्स द्यावे, पाय पुरता तापू द्यावा आणि मग कपॅसिटर अलगद काढावा.

काढलेल्या निकेल-कॅडमियम सेलच्या जागी सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल सरळ जोडू नये. जुना सेल चार्ज होणारा होता, म्हणून बोर्ड त्याला वीज पुरवतो. लिथियमचा बटण सेल चार्ज करायचा नसतो, तो फुटू शकतो. मधे डायोड घालावा, किंवा बोर्डावर बाहेरील बॅटरीसाठी चार पिनांची जागा असेल तर तिचा उपयोग करावा. सेल होल्डरमध्ये, वायर लावून, बोर्डापासून दूर बसवावा.

सुरू झाला म्हणजे चालू झाला नव्हे

पडद्यावर अक्षरे उमटली की बहुतेक जण काम संपले असे मानतात. आमच्या मते खरी तपासणी तेथून सुरू होते.

प्रथम मेमरी. मेमटेस्टसारख्या प्रोग्रामची त्या प्रोसेसरवर चालणारी जुनी आवृत्ती फ्लॉपीवरून लावून रात्रभर चालू ठेवावी. एकही चूक निघाली तर पट्ट्या आळीपाळीने बदलून दोष पट्टीचा की सॉकेटचा ते ठरवावे.

दुसरी कॅश मेमरी. काही स्वस्त ४८६ बोर्डांवर कॅशच्या जागी प्लास्टिकचे पोकळ तुकडे बसवून विकले गेले आणि बायॉसही पडद्यावर खोटा आकडा दाखवत असे. जगभर हे बोर्ड 'फेक कॅश' म्हणून ओळखले जातात. म्हणून चिपवरील छापील अक्षरांवर विसंबू नये, वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने खात्री करावी.

तिसरी डिस्क. जुन्या बायॉसला ५०४ एमबीपलीकडील डिस्क ओळखता येत नाही, नंतरच्यांपैकी कित्येकांची मर्यादा ८.४ जीबीची आहे. जुनी हार्ड डिस्क खडखडत असेल तर कॅमेऱ्याचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड साध्या अडॅप्टरने आयडीई केबलला लावावे. ते डिस्कसारखेच चालते, आवाज करत नाही.

चौथी साउंड कार्डाची. साउंड ब्लास्टरचा नेहमीचा पत्ता २२०, इंटरप्ट ५ किंवा ७ आणि डीएमए १ असतो. खेळाच्या सेटअपमध्ये हेच आकडे द्यावेत. संगीत वाजते पण गोळीचा आवाज येत नाही, असे झाले तर इंटरप्ट किंवा डीएमएचा आकडा जुळत नाही असे समजावे.

पाचवी प्रत्यक्ष खेळाची. १९९३ सालचा 'डूम' यासाठी सोयीचा आहे. त्याचा पहिला भाग कंपनीनेच शेअरवेअर म्हणून मोफत वाटला होता, म्हणून तपासणीसाठी तो वापरताना चोरीचा माल वापरावा लागत नाही. खेळाला 'टाइमडेमो डेमो३' हा आदेश दिला की तो एक ठरलेला खेळ आपणच खेळून दाखवतो आणि शेवटी दोन आकडे देतो. पहिला आकडा २१३४ हा ठरलेला असतो. दुसऱ्या आकड्याला 'रिअलटिक्स' म्हणतात. ७४,६९० ला या दुसऱ्या आकड्याने भागले की सेकंदाला किती चित्रे उमटली ते निघते. दुसरा आकडाही २१३४ आला तर उत्तर ३५. दुप्पट, म्हणजे ४२६८ आला, तर साडेसतरा. त्याच जातीच्या बोर्डांपेक्षा उत्तर फारच कमी आले तर कॅश बंद आहे किंवा जंपर कमी वेगावर आहे असे समजावे. ही तपासणी यंत्र थंड असताना एकदा आणि चार तास चालल्यावर पुन्हा करावी. ड्राय सोल्डर आणि दमलेले कपॅसिटर यंत्र तापल्यावरच आपले रूप दाखवतात.

व्यवहाराचे चार शब्द

या धंद्यास लागणारे भांडवल मोठे नाही. मल्टिमीटर, तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, पोस्ट कार्ड, भिंग आणि अल्कोहोल एवढ्यावर सुरुवात होते. सुटे भाग मुंबईला ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडवर मिळतात. तळ्याहून माणगावला येऊन कोकण रेल्वेने किंवा एसटीने मुंबई गाठता येते, आणि पार्सलने मागवण्याचीही सोय आहे. पण एवढ्यावरच घर चालेल अशी आशा कोणी धरू नये. मोबाईल, इन्व्हर्टर, टीव्ही यांच्या दुरुस्तीबरोबर केलेले हे जोडकाम आहे.

यात खरे भांडवल आहे ते शब्दाचे. माल तळ्यातून पार्सलने पुण्याला किंवा बंगळूरला जातो आणि गिऱ्हाईक तो डोळ्यांनी न पाहता पैसे देतो. आम्ही सुचवतो की प्रत्येक बोर्डाबरोबर एक चिठ्ठी द्यावी. कोणता ट्रॅक तारेने जोडला, कोणते कपॅसिटर बदलले, मेमरी किती तास तपासली, डूमचा आकडा किती आला आणि काय तपासलेले नाही, हे सर्व तीत लिहावे. दोष सांगून विकलेल्या मालाचा भाव कदाचित थोडा कमी येईल, पण तो माल परत येत नाही आणि रोजीत बरकत राहते. 'चालू' हा शब्द ज्याने स्वस्त केला, त्याच्याकडे जाणकार गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. खेळ भरून देतानाही हेच इमान पाळावे. खेळ जुना झाला म्हणून त्याचा कॉपीराइट संपत नाही.

जे बोर्ड उठणार नाहीत त्यांचे सॉकेट, चिपा आणि क्रिस्टल काढून ठेवावेत. त्यांवर दुसरा बोर्ड उठतो. उरलेला सांगाडा सोन्याच्या लोभाने जाळणे किंवा ॲसिडमध्ये टाकणे हा आपल्या फुफ्फुसांशी आणि शेजाऱ्याच्या विहिरीशी केलेला वैरभाव आहे. केंद्र सरकारचे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. उरलेला माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच द्यावा आणि काम मोठे करण्यापूर्वी नूतनीकरणाच्या व्यवसायास नोंदणी लागते का, हे त्या नियमांत पाहून घ्यावे.

दुरुस्त बोर्ड पावसाळ्यापूर्वी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा, सेल आठवणीने काढावा आणि डब्यावर तारीख घालावी. माळ्यावर असे एखादे यंत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी निदान एकदा उघडून तो निळा सेल तेवढा काढून टाकावा. या कामाला पाच मिनिटे लागतात, पैसा लागत नाही, आणि बोर्ड पुढे कोणाच्या हाती दुरुस्तीस येण्याजोगा राहतो.